इटालियन शिकणाऱ्यांसाठी: कुठल्या गावचा कोण?

इटालियनच्या वर्गात कधीतरी एक यादी हातात पडतेच: शहर आणि तिथल्या माणसाला काय म्हणतात. नव्या विद्यार्थ्यांना मी सांगते, ती घोकू नका. आपल्याकडे ‘कर’ लावला की बरंचसं भागतं, सांगलीचा सांगलीकर. तिकडे प्रत्यय अनेक, आणि कुठल्या शहराला कुठला, याचा पक्का नियम नाही. रोमचा रोमानो, मिलानचा मिलानेझे, फ्लोरेन्सचा फियोरेन्तिनो, बेर्गामोचा बेर्गामास्को. त्यातल्या त्यात ‘एझे’वाले सोपे, बाई-पुरुष दोघांना एकच रूप. रोमानोचं मात्र रोमाना, रोमानी, रोमाने करत बसावं लागतं.

खरी मजा आणि खरा त्रास जुन्या नावांचा. इव्रेआचा माणूस एपोरेदिएझे, कारण रोमनकाळी ते एपोरेदिया होतं. गुब्बियोचा एउगुबिनो, चित्ता दी कास्तेल्लोचा तिफेरनाते. गावाचं नाव बदललं, माणसांचं राहिलं. किएतीचं जुनं नाव तेआते, म्हणून तिथला तेआतिनो. 1524 मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती संघाच्या संस्थापकांपैकी एक किएतीचे बिशप होते, त्यावरून त्या संघाचंही नाव तेच पडलं. जुन्या गोव्यातलं सेंट कॅजेटनचं चर्च याच संघाच्या धर्मगुरूंनी बांधलं. गोव्याला गेलात तर एक इटालियन शब्द आयताच पाठ होईल.

ही जुनी नावं कानावर पडायला फुटबॉलच्या बातम्यांसारखं दुसरं साधन नाही. एकच शब्द दोनदा वापरायचा नाही, हा तिथल्या शाळेत मुरवलेला संस्कार. त्यामुळे पहिल्या ओळीतला नापोलीचा संघ दुसऱ्या ओळीत ‘पार्तेनोपेई’ होतो, बोलोन्याचा ‘फेल्सिनेई’, वेरोनाचा ‘स्कालिजेरी’ (तिथल्या जुन्या राजघराण्यावरून). सुरुवातीला वाटतं, मैदानात चार संघ उतरलेत की काय! अडलं तर इटालियन विकिपीडियावर गावाचं पान उघडा. उजवीकडच्या चौकटीत रहिवाशांचं नाव दिलेलं असतं.

जोड्या मात्र आधीच नीट करून ठेवा. पार्मा शहराचा पार्मिजानो, पण आसपासच्या प्रांताचा पार्मेन्से. रेज्जो नावाची शहरं दोन. उत्तरेतल्या रेज्जो एमिलियाचा रेज्जानो. हा लक्षात ठेवायला ‘पार्मिजानो रेज्जानो’ चीजचं वेष्टन पुरे. पार बुटाच्या टोकाला असलेल्या रेज्जो कालाब्रियाचा तो रेज्जीनो. त्याला रेज्जानो म्हणून बघा, तुमचं वाक्य संपायच्या आत दुरुस्ती येईल.