रात्री प्रार्थना, सकाळी खर्रा : व्यसन सोडताना या चुका टाळा

माझा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण, सुटला त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी तो मी कितीदा 'सोडला' याचा हिशेब बायकोकडं आहे. त्यातल्या बऱ्याच वेळा मी रविवारच्या उपासनेत उभं राहून, सगळ्या मंडळीसमोर सोडला होता. त्यामुळं चुकांबद्दल बोलायला मी लायक माणूस आहे.

प्रार्थना भलत्याच वेळेला करणं

मी रात्री नऊला, जेवण झाल्यावर गुडघे टेकायचो. मनापासून, कधी कधी डोळ्यांत पाणी आणून. पण रात्री नऊला पोट भरलेल्या माणसाला कसली आलीय तलफ? ती यायची सकाळी सातला, वावरात जाताना, बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर. ठेलेवाला पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटायला लागला की तो घसघस आवाज वीस पावलांवरून ऐकू यायचा. रात्रीची प्रार्थना तिथंच संपायची. हात खिशात गेलेला असायचा, मनाला नंतर कळायचं.

आमच्या पाळकांनी एकदा विचारलं, "बाप्पा, तू देवाशी नऊला बोलतोस अन् सैतान तुले साताले भेटते. मंग कसं जमन?" हसलो, पण घरी येऊन विचार केला. दुसऱ्या दिवसापासून नाल्याकडच्या वाटेनं जायला लागलो. एक किलोमीटर जास्त पडतं. आणि प्रार्थना सातला, चालता चालता. बायबलमधल्या मत्तयच्या १४ व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र पाण्यात बुडायला लागतो तेव्हा त्याची प्रार्थना तीन शब्दांची आहे : प्रभूजी, मला वाचवा. बुडणाऱ्याला लांब प्रार्थना सुचत नाही. तलफेची लाट बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हे तीन शब्द पुरतात. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, डोकं जड. दोन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. हे आधी माहीत असलं की माणूस 'माझा विश्वासच कमी' असं म्हणत बसत नाही.

निकोटिनचा च्युइंगम घेतला तर काही जण म्हणतात, हे दुसरं व्यसन. मीही म्हणायचो. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, प्रेषित पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, आणि तो पौलासोबत फिरला. औषध घेतलं म्हणून प्रार्थना खोटी पडत नाही.

दारू एका रात्रीत सोडायला लावणं

ही चूक जीवावर बेतते, म्हणून जरा सविस्तर. आमच्या भागात घरसभा असली की कुणीतरी उठतो, रडतो, आणि 'आजपासून एक थेंब नाही' म्हणतो. मंडळी हालेलुया म्हणते. मोहाची दारू रोज, सकाळपासून घेणारा माणूस असेल तर खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

अशा एका काकांना मी जवळून पाहिलंय. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी हातात धरवेना, निम्मा चहा बनियनवर. संध्याकाळी घामानं न्हाऊन निघाले. पुढच्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून हातानं झटकायला लागले. भिंतीवर काही नव्हतं. घरच्यांनी समजलं, दुष्टात्मा निघतोय, आणि जमलेल्यांनी आणखी मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. एका शेजारणीनं गाडी बोलावली म्हणून माणूस वाचला.

तो दुष्टात्मा नव्हता. रोज भरपूर दारू घेणाऱ्या शरीरातून ती अचानक काढली की काही तासांतच हातपाय थरथरतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भास आणि बडबड सुरू होते, आणि त्यात मरणही येऊ शकतं. म्हणून असा माणूस तयार झाला की त्याला आधी डॉक्टरकडं न्या, मग प्रार्थना हवी तेवढी करा. दवाखान्यात खाटेजवळ बसूनही प्रार्थना करता येतेच की. कुठं जावं कळत नसेल तर व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत फोन आहे, १४४४६. तंबाखूसाठी १८००-११२-३५६.

याच्याच जोडीला उपास. 'एकवीस दिवस उपास-प्रार्थना कर, सुटेल' हा सल्ला कुणी दारूच्या माणसाला देऊ नका. त्याचं शरीर आधीच जीवनसत्त्वांना मोताद झालेलं असतं, डॉक्टर त्याला थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देतात, आणि आपण त्याची भाकर काढून घेतो! रिकाम्या पोटी तलफही जास्त येते. उपास करायचाच असेल तर मंडळीतल्या धडधाकट लोकांनी त्याच्यासाठी करावा.

साक्ष द्यायची घाई

तीन दिवस झाले नाहीत तोच साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं सोडवलं ते सगळ्यांसमोर सांगायला, माईक हातात. लोक टाळ्या वाजवतात, फोटो ग्रुपवर जातो. अकराव्या दिवशी पाय घसरला की तो माणूस चर्चच्या रस्त्यानंच येत नाही. खर्र्यामुळं नाही, लाजेमुळं. मी स्वतः चार महिने गेलो नव्हतो.

मार्कच्या ८ व्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूनं हात लावला तेव्हा त्याला आधी माणसं झाडांसारखी चालताना दिसली. नीट दिसायला दुसऱ्यांदा हात लागला. प्रभूनं त्याला 'आधी साक्ष दे' म्हटलं नाही, गावातसुद्धा जाऊ नको म्हणाला. माझ्या मते साक्षीला निदान सहा महिने थांबावं. मधल्या काळात एकच माणूस हवा, ज्याला रात्री अकराला फोन करून 'आज खाल्ला' असं सांगता येईल. पापं एकमेकांजवळ कबूल करा असं याकोबाच्या पत्रात आहे, मेगाफोनवर असं नाही.

आणि एक. घसरला की घरातल्या बाईला 'तुझी प्रार्थना कमी पडली' म्हणणारे लोक आहेत. तिनं आधीच मजुरीचे पैसे डाळीच्या डब्यात लपवलेले असतात, लेकरांची फी भरलेली असते. तिच्यावर हेही ओझं नको. ती स्वतः दातांना गुडाखू (तंबाखूची पेस्ट) लावत असेल, तेही कुणी विचारत नाही.

सोडलं, पण जागा रिकामी ठेवली

मत्तयच्या १२ व्या अध्यायात तो झाडून लोटून ठेवलेल्या घराचा दाखला आहे : घर रिकामं सापडलं, म्हणून निघालेला आत्मा सात जणांना घेऊन परत आला. आमच्याकडं घर रिकामं सापडण्याचे ठरलेले दिवस आहेत. पोळ्याचा दुसरा दिवस. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हातात येतो ती संध्याकाळ. लग्नाची वरात. या दिवसांचं आधीच ठरवा : चुकाऱ्याला बायकोला सोबत न्या, पोळ्याला सासुरवाडी गाठा. 'प्रभू आहे ना' म्हणून मित्रांच्या मैफलीत जाऊन बसणं म्हणजे देवाची परीक्षा पाहणं, आणि ती पाहू नये असं प्रभूनं सैतानालाच सांगितलं होतं.

दारूबंदीवरही विसंबू नका. वर्धा जिल्ह्यात बंदी १९७५ पासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. बंदी असताना पिणाऱ्यांना वाट सापडत नाही असं कुणी म्हणेल का?

तोंडाची एक तपासणी मात्र आजच करा. तीन बोटं जोडून, उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दंतवैद्याकडं जा. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठरते, सुपारी सोडल्यावर आजार पुढं सरकण्याचा धोका कमी होतो, पण झालेली ताठरता पूर्ण जाईलच असं नाही. माझी अजूनही अडीचच बोटं जातात.

कापूस वेचायला मजूर बाया येतात तेव्हा मालकानं खर्रा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी तो बंद केला आणि शेंगदाणे-गूळ द्यायला लागलो. पहिल्या वर्षी दोघी जणी दुसऱ्याच्या वावरात गेल्या. यंदा त्यातली एक परत आली, पिशवी पुढं करून म्हणाली, "भाऊ, माह्यासाठी गूळ जरा जास्त टाकजा."