‘गेल्या वर्षीचंच राहू दे’ म्हणताय? ओपन एनरोलमेंटमधल्या या चुका टाळा

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे कर्मचाऱ्यांनी पुढच्या वर्षाचा विमा आणि बाकी लाभ निवडायची मुदत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतं, म्हणजे नेमकं आपल्या दिवाळीच्या आसपास. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तेव्हा अनेकजण सुट्टी टाकून पुण्या-नाशकाला गेलेले असतील आणि विद्यापीठाचे ‘शेवटचे तीन दिवस’ असे मेल न वाचता पडून राहतील. मी एका सरकारी विद्यापीठात चौदा वर्षं नोकरी करते आहे. या चौदा वर्षांत मी स्वतः केलेल्या आणि ओळखीच्या पोस्टडॉक (पीएचडीनंतर करारावर काम करणारे संशोधक), प्राध्यापक, लॅबवाल्यांनी केलेल्या चुका आता मला पाठ झाल्या आहेत. त्यातल्या निम्म्या तर खास आपल्या लोकांच्याच आहेत: व्हिसामुळे, नावांमुळे, आई-बाबांमुळे होणाऱ्या. एचआरच्या माहितीपत्रकात त्या सापडत नाहीत.

पहिली चूक म्हणजे काहीच न करणं. ‘गेल्या वर्षीचंच राहू दे, काय बदललंय?’ आरोग्य विमा, डेंटल, व्हिजन हे बहुतेक ठिकाणी आपोआप पुढे चालू राहतं, ही गोष्ट खरी. पण एफएसए, म्हणजे खर्चासाठी करपूर्व पैसे बाजूला ठेवायचं खातं, बहुतेक विद्यापीठांत दरवर्षी नव्यानं निवडावं लागतं. काही निवडलं नाही, तर १ जानेवारीला पाटी कोरी. आणि प्लॅनचं नाव तेच असलं तरी हप्ता, डिडक्टिबल (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम), डॉक्टरांचं नेटवर्क यांपैकी काहीही बदललेलं असू शकतं. एका सहकाऱ्याला मुलीचा बालरोगतज्ज्ञ नेटवर्कबाहेर गेल्याचं फेब्रुवारीत कळलं, तेही बिलावरून. नोव्हेंबरात दवाखान्याला एक फोन केला असता तर भागलं असतं. फोन दवाखान्याला करायचा. विमा कंपनीच्या यादीवर माझा फारसा भरवसा नाही.

भारतात असाल तर आणखी एक अडचण येते. पोर्टल उघडायला दुहेरी पडताळणी लागते आणि एसएमएस अमेरिकेतल्या नंबरवर जातो, जो तुम्ही रोमिंगचे पैसे वाचवायला बंद ठेवलेला असतो. निघण्यापूर्वी पडताळणीचं अॅप फोनवर सुरू करून घ्या. डुओसारखं अॅप नेटवर्क नसतानाही आकडी कोड देतं. मुदतीची वेळही नीट वाचा. नोव्हेंबरात पॅसिफिक वेळेनुसार सायंकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा. त्या पहाटे उठून फॉर्म भरलेले लोक मला माहीत आहेत. उशिरा उठलेलेही आहेत.

‘नंतर बदलू की’

नंतर बदलता येत नाही. हप्ता करपूर्व पगारातून कापला जातो, त्याच्या बदल्यात आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) अट अशी की वर्षभर निवड पक्की. अपवाद फक्त आयुष्यातल्या ठरावीक घटनांचा: लग्न, घटस्फोट, मूल होणं किंवा दत्तक घेणं, जोडीदाराचा विमा जाणं वगैरे. अशी घटना घडली की साधारण ३० दिवसांत कळवायचं, काही ठिकाणी ३१. डॉक्टर आवडला नाही, हप्ता जड वाटला, ही कारणं चालत नाहीत.

बाळाच्या बाबतीत हे ३० दिवस लोक हमखास घालवतात. बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर येईपर्यंत थांबतात. थांबू नका, नंबर नंतर देता येतो. रुग्णालयानं आईचा विमा नोंदवला म्हणजे बाळ आपोआप विम्यात आलं, हाही गैरसमज आहे. आणि बाळ ओपन एनरोलमेंटच्या दिवसांतच झालं, तर दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतात: एक चालू वर्षासाठी, ‘मूल झालं’ या कारणाखाली, आणि दुसरी पुढच्या वर्षाच्या एनरोलमेंटमध्ये. एकच केली की बाळ एका वर्षात असतं आणि दुसऱ्यात नसतं. बाळंतपणानंतरच्या अर्धवट झोपेत ही चूक कुणाच्याही हातून होईल, म्हणून हे काम बाबाकडे द्या.

डिसेंबरात भारतात लग्न करून एकटे परत येणाऱ्यांचं गणित वेगळं. बायकोचा किंवा नवऱ्याचा व्हिसा तीन महिन्यांनी होतो, तोवर लग्नाचे ३० दिवस उलटून गेलेले असतात. काही विद्यापीठं ‘कुटुंबाचं अमेरिकेत आगमन’ हीसुद्धा घटना धरतात, काही धरत नाहीत. तुमच्याकडे काय नियम आहे ते तिकीट काढण्याआधी मेलवर विचारा. तोंडी उत्तर नको, लेखी हवं.

तांदळातलं नाव आणि पासपोर्टातलं नाव

जोडीदाराला विम्यात घेताना विवाह प्रमाणपत्र मागतात. नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं प्रमाणपत्र मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर लागतं, आणि तेही प्रमाणित. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव आहे, एवढं सहसा पुरत नाही.

खरी गोची नावांची. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तांदळात लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, व्हिसावर माहेरचं. पडताळणी करणाऱ्या माणसाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. राजपत्रात नावबदल केला असेल तर त्याची प्रत जोडा. नसेल, तर जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं असलेला एखादा सरकारी कागद शोधा. हे शोधायला आई-बाबांना कपाट उपसावं लागतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच फोन करा. मुदतीत कागद गेले नाहीत तर जोडीदाराला विम्यातून काढून टाकतात.

आई-बाबांचंही इथेच सांगून टाकते. ते सहा महिन्यांसाठी आले म्हणून त्यांना बहुतेक विद्यापीठांच्या विम्यात घेता येत नाही. त्यांच्यासाठी प्रवासी विमा वेगळा घ्यावा लागतो. भारतात राहणाऱ्या आईच्या मोतीबिंदूचा खर्चही तुमच्या एफएसएतून किंवा एचएसएतून (हाय डिडक्टिबल प्लॅनसोबत मिळणारं आरोग्यखर्चाचं बचत खातं) होत नाही, कारण कराच्या दृष्टीनं आई-वडील अवलंबित ठरायला ते अमेरिकेचे नागरिक तरी लागतात, नाहीतर अमेरिका, कॅनडा किंवा मेक्सिकोचे रहिवासी तरी. तुम्ही स्वतः पुण्यात दाताचं काम करून घेतलंत, तर तो खर्च मात्र बसू शकतो. पावतीवर तुमचं नाव, तारीख, काय काम केलं आणि रक्कम हे सगळं हवं. ‘एकूण १८,००० मिळाले’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी परत येते.

जे-१ वाल्यांनी हे आधी वाचा

पोस्टडॉकसाठी सगळ्यात महागडी चूक हीच आहे. स्वस्त हप्ता दिसतो म्हणून हाय डिडक्टिबल प्लॅन घ्यायचा. पण जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाखाली येणाऱ्यांच्या व्हिसाच्या नियमांत विम्याच्या अटी आहेत: प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणानं मायदेशी न्यायला ५०,०००, पार्थिव पाठवायला २५,०००, आणि डिडक्टिबल प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही. एचएसएसाठी पात्र असलेल्या प्लॅनचं डिडक्टिबल २०२६ साठी एका माणसाला किमान १,७०० आहे. म्हणजे तो जे-१ च्या अटीत बसत नाही. जे-२ वर आलेल्या कुटुंबालाही याच अटी लागू आहेत. जाणूनबुजून विमा ठेवला नाही असं ठरलं, तर कार्यक्रम रद्द होऊ शकतो. पोर्टल तुम्हाला अडवेलच असं नाही, कारण पोर्टलला तुमचा व्हिसा माहीत नसतो. साध्या पीपीओचं (नेटवर्कबाहेरचे डॉक्टरही चालणाऱ्या प्लॅनचं) डिडक्टिबलही ५०० च्या वर असू शकतं, तेव्हा आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. तिथे मायदेशी नेण्याचा वेगळा छोटा विमाही सुचवतात.

करार जूनमध्ये संपणाऱ्या पोस्टडॉकसाठी एक फायद्याची गोष्ट. आरोग्याच्या एफएसएमध्ये वर्षभराची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, पगारातून अजून कापली गेली नसली तरी. जाण्यापूर्वी चष्मा, दात जे काय असेल ते उरकून घ्या. उरलेले हप्ते कुणी मागत नाही.

एफएसए, एचएसए: नावं सारखी, स्वभाव उलटे

एचएसएतले पैसे तुमचे. नोकरी सोडली, वर्ष संपलं, तरी राहतात. एफएसएतले न वापरलेले बुडतात. मालकानं मुभा दिली असेल तर २०२६ मधून पुढे जास्तीत जास्त ६८० डॉलर नेता येतात, किंवा त्याऐवजी अडीच महिने वाढीव मिळतात. दोन्ही एकदम मिळत नाहीत, काही ठिकाणी एकही मिळत नाही. २०२६ ची कमाल मर्यादा आरोग्य एफएसएला ३,४००, एचएसएला एकट्याला ४,४०० आणि कुटुंबाला ८,७५०. हे आकडे आयआरएस दरवर्षी बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा डोळे झाकून टाकू नका.

आमच्या घरी झालेली चूक इथलीच. मी हाय डिडक्टिबल प्लॅन घेऊन एचएसए सुरू केलं. नवरा खासगी कंपनीत, त्याचं एनरोलमेंट माझ्यानंतर दोन आठवड्यांनी. त्यानं त्याच्या पोर्टलवर साधं एफएसए निवडलं. त्याच्या एफएसएतून माझाही खर्च होऊ शकतो, एवढ्यावरूनच माझी एचएसएची पात्रता गेली. फेब्रुवारीत कळलं. कर भरायच्या मुदतीआधी जास्तीचे पैसे काढून घेतले म्हणून निभावलं, नाहीतर दरवर्षी ६ टक्के दंड लागला असता. आता आम्ही दोघं एकाच टेबलावर, एकाच संध्याकाळी, दोन्ही पोर्टल उघडून बसतो. तुमचं स्वतःचं जुनं एफएसए पुढच्या वर्षात सरकलं तरी हीच अडचण येते, तेव्हा प्लॅन बदलणार असाल तर ३१ डिसेंबरपर्यंत ते शून्यावर आणा. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत राज्याचा कर एचएसएला सूट देत नाही, हेही हिशेबात धरा.

पण मोठ्या डिडक्टिबलच्या आकड्याला नुसतं घाबरूनही जाऊ नका. समजा, एका प्लॅनचा हप्ता महिना २६० आणि डिडक्टिबल ५००. दुसऱ्याचा हप्ता १२०, डिडक्टिबल ३,४००, आणि विद्यापीठ एचएसएत १,००० टाकतं. हप्त्यात वर्षाला १,६८० वाचले, वर हजार मिळाले, म्हणजे २,६८०. डिडक्टिबलमधला फरक २,९००. तेवढ्यापुरतं पाहिलं तर वाईट वर्षातही दोन्ही जवळपास बरोबरीत. पुढचं सगळं डिडक्टिबलनंतरच्या तुमच्या वाट्यावर आणि वर्षाच्या कमाल खर्चावर ठरतं, तेव्हा ते दोन रकाने बघा. पीपीओच हवा म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं ही वजाबाकी कधी केलेली नाही.

मुलांच्या सांभाळाचं एफएसए वेगळं. त्याची मर्यादा २०२६ पासून ५,००० वरून ७,५०० झाली, म्हणून सगळे तुटून पडलेत. पण अट अशी की दोघांचं उत्पन्न हवं. एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेला जोडीदार कमवत नसेल आणि पूर्णवेळ शिकतही नसेल, तर भरलेली सगळी रक्कम करपात्र होते. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर महिन्याला २५० डॉलर उत्पन्न धरतात, दोन किंवा जास्त मुलं असतील तर ५००. नऊ महिने शिक्षण, एक मूल, म्हणजे २,२५० पर्यंतच फायदा. मूल १३ वर्षांखालचं हवं. दिवसाचं उन्हाळी शिबिर चालतं, मुक्कामी शिबिर नाही. आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या आजीला सांभाळल्याचे पैसे दिल्याचं इथं दाखवायचा विचारसुद्धा करू नका.

नॉमिनी म्हणजे बेनिफिशियरी नव्हे

बँकेच्या खात्याला नॉमिनी म्हणजे विश्वस्त, खरे वारस वेगळे, ही आपल्याकडची सवय. इथे बेनिफिशियरी म्हणून ज्याचं नाव, पैसे त्याचे, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. माझ्या जीवन विम्यावर लग्नानंतर सहा वर्षं बाबांचंच नाव होतं, त्यातली दोन वर्षं बाबा नव्हते. जीवन विमा आणि निवृत्तीचं ४०३(ब) खातं यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात, दोन्हीकडे बघा. अल्पवयीन मुलाचं नाव थेट टाकलं तर पैसे पालक नेमेपर्यंत अडकतात. (४०३(ब) मधली कपात वर्षात केव्हाही बदलता येते, तिला एनरोलमेंटची वाट बघायला नको.) जास्तीचा जीवन विमा मात्र रुजू झाल्यावरच्या पहिल्या दिवसांत सहसा आरोग्याचे प्रश्न न विचारता मिळतो, नंतर तब्येतीची माहिती भरावी लागते.

सगळं भरून झालं की ‘सबमिट’ दाबलंय का ते बघा, आणि शेवटचं पान पीडीएफ करून स्वतःच्या मेलवर पाठवा, विद्यापीठाच्या नव्हे. कार्टमध्ये वस्तू टाकून पैसे न भरता निघून यावं, तसं अनेकजण ‘सेव्ह’वर थांबतात. मग जानेवारीच्या पहिल्या पगाराची चिठ्ठी त्या पीडीएफशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून बघा. आमच्या पोर्टलवर प्लॅन निवडला की पुढच्या पानावर प्रत्येक माणसासमोर वेगळी खूण करावी लागते, प्रत्येक विम्यासाठी पुन्हा. गेल्या वर्षी डेंटलच्या ओळीत कपात कमी दिसली. मला आधी आनंदच झाला. मग लक्षात आलं की मुलीच्या नावापुढची खूण राहून गेली होती, आणि तिच्या ब्रेसेसची पहिली तारीख १९ जानेवारीची होती.