जर्मनीतील वाहनपरवान्याच्या लेखी परीक्षेची तयारी गावातूनच कशी करावी

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि तेव्हापासून आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातही नर्सिंग किंवा आयटीआय झालेली मुले जर्मन शिकण्याच्या गोष्टी करू लागली आहेत. भाषा, व्हिसा आणि विमानाचे तिकीट यांची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. गाडी चालवण्याच्या परवान्याची चौकशी मात्र तिकडे पोहोचून चार-पाच महिने झाल्यावर सुरू होते, आणि तोवर उशीर झालेला असतो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवान्यावर साधारणपणे सहाच महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तोच परवाना खिशात ठेवून गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे, आणि तिकडे तो फौजदारी गुन्हा आहे. काही देशांचे परवाने परीक्षेविना बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. नवशिक्याला सक्तीचे असलेले ड्रायव्हिंग स्कूलचे तास मात्र आपल्याला माफ आहेत, आणि ही सवलतच घात करते, कारण कोणी वर्गात बसवत नाही म्हणून अभ्यासही होत नाही.

गाव सोडण्यापूर्वी कागदपत्रे पाहून घ्यावीत. परवान्यावरचे नाव पासपोर्टावरील नावाशी जुळते का, वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने तर लिहिलेले नाही ना, हे तपासावे. मुदत संपायला एक वर्षाहून कमी काळ उरला असेल तर नूतनीकरणाचा अर्ज आधीच करता येतो. जुना पुस्तकी परवाना असल्यास तो स्मार्ट कार्डात बदलून घ्यावा. आरटीओकडून मिळणारा एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असू द्यावा, पण त्याने सहा महिन्यांची मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

आता परीक्षेविषयी. तिला लेखी म्हणायचे, पण ती संगणकावर द्यायची असते. मोटारीच्या वर्गासाठी ३० प्रश्न विचारले जातात. प्रत्येक प्रश्नाला महत्त्वाप्रमाणे २ ते ५ गुण असतात आणि चूक झाली की तेवढे चुकीचे गुण नावावर जमा होतात. चुकीच्या गुणांची बेरीज १० पर्यंत चालते. यात एक मेख आहे: पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले, तर बेरीज दहाच होत असली तरी उमेदवार नापास होतो. माझे पहिल्या वेळी नेमके हेच झाले. बाकीचे २८ प्रश्न अचूक होते, दोन चुकले, आणि ते दोन्ही चौकात आधी कोणी जायचे याचे होते. पंधरा वर्षे ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकल चालवलेल्या माणसाला चौक ओलांडता येत नाही, असा निकाल पडद्यावर वाचताना राग आला होता. पुढे लक्षात आले की परीक्षा आपल्या हाताची नसून डोक्यात बसलेल्या सवयीची असते. पर्याय बहुधा तीन असतात, त्यांपैकी एक, दोन किंवा तिन्ही बरोबर असू शकतात, आणि बरोबर असलेला एक जरी राहिला तरी पूर्ण प्रश्न चुकीचा धरला जातो. म्हणून एक पर्याय बरोबर वाटला की पुढे जाण्याची आपली परीक्षेतली जुनी सवय आधी मोडावी.

तयारीचा सर्वांत जास्त वेळ अग्रक्रमाच्या नियमांना द्यावा. जिथे सिग्नल नाही आणि फलकही नाही, तिथे उजवीकडून येणारे वाहन आधी जाते, हा त्यांचा मूळ नियम होय. आपल्याकडे तिठ्यावर ज्याचे वाहन मोठे तो आधी जातो, किंवा ज्याने आधी हॉर्न दिला तो. हा नियम वाचून पाठ होतो, पण अंगवळणी पडत नाही. मी सुटीवर गावी आलो तेव्हा ओसरीवर खडूने चौक आखला आणि चार काडीपेट्या मांडल्या. कोणती काडीपेटी आधी जाईल हे रोज संध्याकाळी काकांना समजावून सांगू लागलो. काका शाळेत चौथीच्या पुढे गेलेले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी मी चुकलो तेव्हा त्यांनीच हात धरला: "उजव्या हातानं कोन येते थे पाय ना पयले." दुसऱ्याला समजावून सांगता आले म्हणजे आपल्याला समजले, यापेक्षा चांगली कसोटी मला पुढे कुठल्या ॲपमध्ये सापडली नाही.

या नियमाला जे अपवाद आहेत, त्यांतला एक आपल्या भागातल्या माणसाला फार लवकर उमगावा. शेतातून किंवा जंगलातून येणारी वाट दुसऱ्या रस्त्याला मिळत असेल, तर त्या वाटेवरून येणाऱ्याने थांबायचे, मग तो उजवीकडून का येत असेना. म्हणजे कापसाने भरलेली बंडी पांदणीतून डांबरी रस्त्यावर चढताना ज्याने थांबायला हवे असे आपण म्हणतो, त्यानेच तिथे कायद्यानेही थांबायचे आहे. प्रश्नातल्या चित्रात उजवीकडून ट्रॅक्टर येताना दिसला की आधी त्याच्या चाकाखालचा रस्ता पाहावा. पिवळ्या चौकटीचा फलक असेल तर आपला रस्ता अग्रक्रमाचा. उलटा त्रिकोण असेल तर आपण वाट द्यायची. आठ कोनांचा लाल फलक असेल तर चाक पूर्ण थांबलेच पाहिजे. वर्तुळाकार चौकाच्या तोंडाशी गोल बाणांच्या निळ्या फलकासोबत उलटा त्रिकोण लावलेला असेल तर आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, आत शिरताना इंडिकेटर द्यायचा नाही आणि बाहेर पडताना द्यायचा. वाहतूक उजव्या बाजूने चालत असल्याने तिथे फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घालावा लागतो.

जिथे आपल्या सवयी आणि त्यांचे नियम सरळसरळ विरोधात आहेत, तेथील प्रश्न वेगळ्या वहीत लिहावेत. माझ्या वहीत हॉर्न पहिला होता. आपल्याकडे ट्रकच्या मागे हॉर्न देण्याची विनंतीच लिहिलेली असते; तिकडे धोका असेल तेव्हा, किंवा वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना सूचना म्हणून, एवढ्याच वेळी हॉर्न किंवा डिप्पर वापरता येतो. आपल्याकडे समोरच्याने डिप्पर दिला म्हणजे "मी येतो, तू थांब" असे समजायचे. तोच अर्थ घेऊन तिथला प्रश्न सोडवला तर उत्तर चुकते. दुसरी नोंद गावाच्या नावाच्या फलकाची होती. तिकडे गावाच्या वेशीवरचा पिवळा फलक केवळ गावाचे नाव सांगत नाही; त्यावर आकडा लिहिलेला नसला तरी तिथून ताशी ५० किलोमीटरची मर्यादा सुरू होते. वस्तीबाहेर मोटारीला साधारणपणे १०० ची मर्यादा आहे, आणि महामार्गावर जिथे मर्यादा लावलेली नाही तिथे १३० हा केवळ शिफारस केलेला वेग आहे.

तिसरी नोंद बसची. फाट्यावर एसटी थांबली की मागची जीप तिला वळसा घालून निघून जाते, हे आपण लहानपणापासून पाहतो. जर्मनीत थांब्याकडे येणाऱ्या बसचे धोक्याचे दिवे लुकलुकत असतील तर तिला ओव्हरटेक करता येत नाही, आणि ती दिवे लुकलुकवत थांबलेली असताना पायी चालण्याच्या वेगानेच बाजूने जाता येते. त्याच रस्त्यावर समोरून येणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे, आणि हा शेवटचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

अंतराचे गणित सोपे आहे, फक्त रोज एकदा करावे. वेगाला १० ने भागून ३ ने गुणले की आपल्याला भान येईपर्यंत गाडी किती मीटर जाते ते कळते. वेगाला १० ने भागून येणाऱ्या आकड्याचा वर्ग केला की ब्रेक लावल्यावर ती किती मीटर जाते ते कळते. ताशी ५० ला १५ आणि २५ मिळून ४० मीटर, तर १०० ला ३० आणि १०० मिळून १३० मीटर. एकदा रिकाम्या वावरात धुऱ्यापासून ४० मीटर पावलांनी मोजून पाहावे. आकडा डोळ्यांना दिसला की विसरत नाही. बर्फ, हिवाळी टायर आणि पुलावर आधी गोठणारे पाणी यांचे प्रश्न आपल्याला नुसते पाठच करावे लागतात. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात वाढलेल्या माणसाकडे त्यासाठी अनुभवाची शिदोरी नसते.

परीक्षा जर्मनखेरीज इंग्रजीसह १२ परकीय भाषांत देता येते, त्यांत हिंदी नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांना मी जर्मनच निवडा असे सांगतो, विशेषतः ज्यांनी नोकरीसाठी जर्मन भाषेची बी-१ ही मधली पातळी गाठली आहे त्यांना. गाडीच्या प्रत्यक्ष परीक्षेत सूचना जर्मनमध्येच मिळतात, मग तेच शब्द इंग्रजीतून पुन्हा कशाला शिकायचे? अडचण मोठ्या शब्दांची नसून लहान शब्दांची असते. 'डार्फ निश्ट' म्हणजे करण्यास मनाई आहे. 'मुस निश्ट' म्हणजे करण्याची गरज नाही. या दोन्हींना मनात 'नाही' एवढेच धरले की उत्तर हमखास चुकते. 'रेख्नेन' म्हणजे हिशेब करणे असे मला वर्गात शिकवले होते, म्हणून 'वोमिट म्युसेन झी रेख्नेन' असा प्रश्न आला तेव्हा मी आकडेमोड शोधत बसलो. प्रत्यक्षात तिथे काय होण्याची शक्यता गृहीत धरावी एवढेच विचारलेले असते. असा प्रश्न आला की चित्रात चेंडू, थांबलेली बस किंवा डोकावणारे मूल शोधावे.

प्रश्नसंग्रह हजाराहून अधिक प्रश्नांचा आहे आणि तो दरवर्षी १ एप्रिल व १ ऑक्टोबरला बदलतो. म्हणून आधी गेलेल्या मित्राची जुनी पुस्तिका घेऊन बसू नये. अधिकृत प्रश्न असलेले चालू ॲप विकत घ्यावे, आणि ते नेटवर्कशिवाय चालते का ते आधी पाहावे, कारण आमच्याकडे वीज गेली की टॉवरही जातो. व्हिडिओचे प्रश्न वेगळे करून सोडवावेत. परीक्षेत तो व्हिडिओ पाच वेळा पाहता येतो, पण एकदा प्रश्नावर गेले की पुन्हा मागे येता येत नाही. ॲपमधल्या सराव परीक्षांत सलग दहा वेळा उत्तीर्ण झाल्याशिवाय तारीख घेऊ नये, असे माझे मत आहे.

जर्मनीत पोहोचल्यावर पत्त्याची नोंदणी झाली की त्याच महिन्यात परवाना कार्यालयात अर्ज करावा. पासपोर्ट, नोंदणीचा दाखला, फोटो, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराच्या नऊ तासिकांचे प्रमाणपत्र आणि मूळ परवान्यासह त्याचा जर्मन अनुवाद एवढे लागते, आणि मंजुरी यायला आठवड्यांमागून आठवडे जातात. प्रत्यक्ष परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलची गाडी व प्रशिक्षक लागतोच, म्हणून शाळा आधीच गाठावी. लेखी परीक्षेला जाताना पासपोर्ट विसरू नये. निकाल लगेच कळतो. नापास झाल्यास किमान दोन आठवडे थांबावे लागते, आणि उत्तीर्ण झाल्यास बारा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष परीक्षा पार करावी लागते. नवा परवाना हातात देताना भारतीय परवाना जमा करून घेतात, तेव्हा त्याची दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून घरी ठेवावी.