लेम्ना-हायड्रिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ हवेमुळे होतो. लेम्ना या इवल्याशा पाणवनस्पतीचं ते हिरवं चपटं अंग आतून हवापोकळ्यांनी भरलेलं असतं, म्हणून तर ते तरंगतं. ते तसंच पाण्याच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) टाकली की आतली हवा काळीकुट्ट दिसते आणि पेशी त्याआड जातात. शिवाय कव्हरस्लिप सपाट टाकली तर बाहेरचे बुडबुडेही अडकतात. एका प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्याने जाड काळ्या कडेची गोल वर्तुळं तासभर बसून रेखाटली आणि त्यांना ‘पेशी’ असं नाव दिलं. इतकी सुबक आकृती, आणि सगळे बुडबुडे! मला फार वाईट वाटलं. सुईने कव्हरस्लिप हलकेच दाबली असती तर कळलं असतं: बुडबुडा सरकतो, पसरतो, पेशी जागा सोडत नाही.

मी आधी हवाच काढते. बिनसुईच्या सिरिंजमध्ये थोडं पाणी आणि लेम्ना घ्यायचं, तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या मागे ओढायचा, मग सोडायचा. बुडबुडे निघतात, पोकळ्यांत पाणी शिरतं. लेम्ना बुडेपर्यंत हे करत राहा. मग कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवून ती तिरकी, सावकाश खाली सोडा.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे दोन-तीन छेद (पातळ काप) घेऊन ‘जमत नाही’ म्हणणं. लेम्ना गाजराच्या चिरेत धरा, ब्लेडचं पातं नवं आणि ओलं ठेवा, करवतीसारखं पुढेमागे न करता एकाच ओढीत कापा. भरपूर छेद पाण्यात पडू द्या आणि ब्रशने सर्वात पारदर्शक तेवढाच उचला. अर्धवट, तुटका पण पातळ छेद मला अख्ख्या जाड छेदापेक्षा केव्हाही चालतो.

हायड्रिला या पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीचं पान मात्र कापूच नका. ते बहुतेक ठिकाणी दोनच पेशीथरांचं असतं, अख्खंच ठेवा.

पाणवनस्पतींत झायलेम, म्हणजे पाणी वाहून नेणारी ऊती, मुळातच क्षीण असतं. त्यात लाल रंग दिसेना म्हणून सॅफ्रनिन (झायलेम लाल करणारं रंगद्रव्य) ओतत राहिलात तर सगळंच लाल होईल.

प्रकाश पूर्ण उघडा ठेवू नका. प्रकाश कमी-जास्त करणारा डायफ्रॅम थोडा मिटला की रंगहीन पेशीभित्तिका उठून दिसतात.

वुल्फिया ही दाण्यासारखी पाणवनस्पती जेमतेम १ मिमीची, म्हणून थेट ४०एक्स लावण्याची घाई नको. अख्खा दाणा त्या भिंगासाठी फार जाड असतो. भिंग काचेवर आदळतं. ४एक्सवर शोधा, १०एक्सवर पाहा, ४०एक्स फक्त पातळ छेदासाठी.