आमवाताची फाइल कशी ठेवावी

आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेतला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा चढउतारांचा आजार आहे. तपासणीची वेळ मिळते त्या दिवशी बोटे नेमकी मोकळी असतात, आणि गेल्या पंधरवड्यात पोळ्या लाटता येत नव्हत्या हे सांगायचे राहून जाते. संधिवाततज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांतच असल्यामुळे तालुक्याच्या गावाहून तीन महिन्यांतून एकदा येणाऱ्या रुग्णाची मधल्या काळातली हकीकत फाइलनेच सांगावी लागते.

फाइलचे पहिले पान औषधांचे असावे. प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, ते सुरू व बंद केल्याचा महिना आणि बंद करण्याचे कारण त्यावर लिहावे. या कारणाकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. औषध लागू पडले नाही, सोसले नाही किंवा परवडले नाही या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नुसते ‘बंद’ असे लिहिलेले असेल, तर नवे डॉक्टर सोसले नव्हते तेच औषध पुन्हा देण्याचा किंवा केवळ पैशांअभावी सुटलेले चांगले औषध कायमचे बाद ठरवण्याचा संभव असतो. आमवातावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी चालू असेल तर ते घेण्याचा वार ठळक अक्षरांत लिहावा, कारण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

दुसरे पान रक्ततपासण्यांचे. रिपोर्टांचा नुसता गठ्ठा उपयोगाचा नसतो. तारखेनुसार तक्ता करून ईएसआर व सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या), हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) यांचे आकडे एकाखाली एक मांडावेत. मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर पहिले तीन महिने साधारण दोन ते चार आठवड्यांनी, आणि पुढे सुमारे तीन महिन्यांनी, रक्त, यकृत व मूत्रपिंडाची तपासणी केली जाते. आकड्याशेजारी एकक लिहायला विसरू नये: सीआरपी कुठे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, कुठे लिटरमागे, आणि त्यामुळे एकीकडचे १.२ आणि दुसरीकडचे १२ म्हणजे एकच मोजमाप असते. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या निदानासाठी असतात; आजार किती आटोक्यात आला हे पाहायला त्या पुन्हा पुन्हा करण्यात सहसा अर्थ नसतो.

रोजनिशी मात्र थोडक्यात ठेवावी, नाहीतर ती आठवडाभरही टिकत नाही. सकाळी उठल्यावर सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली आणि कोणते सांधे दुखले, कोणते सुजले, एवढे पुरे. दुखणे आणि सूज वेगवेगळी नोंदवावी, कारण डॉक्टरही आजाराचा जोर मोजणारा ‘डास २८’ (DAS28) हा २८ सांध्यांवर आधारलेला गुणांक काढताना ती वेगळीच मोजतात. त्या २८ सांध्यांत खांदे, कोपरे, मनगटे, हातांची बोटे आणि गुडघे येतात, पण पावले येत नाहीत; म्हणून तळपाय किंवा पायाची बोटे दुखत असतील तर ते आवर्जून सांगावे. सूज दिसेल त्याच दिवशी मोबाइलवर हातांचा फोटो काढून ठेवावा.

कागद हरवले असतील तर मागून घ्यावेत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात, आणि मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी करून त्याची पोच घ्यावी. तोंडी मागणीचा पाठपुरावा करता येत नाही. ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या चौदा अंकी क्रमांकाला रिपोर्ट जोडून ठेवण्याची सोय आहे. मात्र आभा म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे, आणि ती असल्याने उपचार मोफत होत नाहीत.

पुढच्या भेटीत तज्ज्ञांकडून एक गोष्ट फाइलमध्येच लिहून घ्यावी: कोणती तपासणी किती दिवसांनी गावात करायची आणि कोणता आकडा कितीवर गेला तर गोळी थांबवून त्यांना फोन करायचा. त्या पानाची एक प्रत गावातल्या डॉक्टरांकडे द्यावी.