उपग्रहाच्या आकड्यांतून झाडीचा ऋतू कसा ओळखावा

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निकट अवरक्त प्रकाश भरपूर परत पाठवतं. पान पिकलं, वाळलं की ही तफावत घटते. एनडीव्हीआय हा निर्देशांक नेमकी तीच मोजतो: अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचं. उत्तर −१ ते +१ च्या दरम्यान येतं. लाल ०.०५ आणि अवरक्त ०.४५ असेल तर ०.८, म्हणजे दाट हिरवाई. मात्र एका दिवसाच्या आकड्यावरून ऋतू कळत नाही, त्यासाठी वर्षभराचा आलेख लागतो.

१. जागा निवडा. शक्यतो एकाच प्रकारची झाडी असलेला तुकडा घ्या. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक पिक्सेल (लाल आणि अवरक्तासाठी) १० मीटरचा असतो, त्यामुळे कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मा रस्ता येऊ शकतो. कडा सोडूनच द्या.

२. चित्रं मिळवा. 'कोपर्निकस ब्राउझर'वर ती मोफत मिळतात. लेव्हल-२ए निवडा, त्यात वातावरणाचा परिणाम आधीच काढलेला असतो. उपग्रह प्रकाशाचा प्रत्येक पट्टा (बँड) वेगळा नोंदवतो: लाल म्हणजे बँड ४, अवरक्त म्हणजे बँड ८.

इथे एक खाच आहे. जानेवारी २०२२ पासूनच्या नव्या प्रक्रियेत प्रत्येक मूल्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा करून १०,००० ने भागायचं. वजा करायचं राहिलं तर वरच्या उदाहरणातले ०.०५ आणि ०.४५, म्हणजे फाइलमधले ५०० आणि ४५००, हे १५०० आणि ५५०० होतात आणि ०.८ चा निर्देशांक ०.५७ वर येतो. जंगल रातोरात विरळ झालं असं वाटेल! काही संकेतस्थळं ही वजाबाकी स्वतःच करून देतात, म्हणून आधी माहितीपत्रक वाचा.

३. ढग काढा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. सोबत येणाऱ्या एससीएल थरात ढग आणि सावल्यांचे पिक्सेल वेगळे दाखवलेले असतात, ते गाळा. तरी विरळ ढग निसटतातच. ढगामुळे एनडीव्हीआय सहसा खाली येतो, वर जात नाही. म्हणून दर पंधरा-सोळा दिवसांतलं सर्वांत मोठं मूल्य ठेवायची पद्धत आहे. आलेखात एकाच तारखेला खोल खड्डा पडून लगेच भरला असेल, तर तो बहुधा ढगच.

४. आलेख गुळगुळीत करा. सावित्स्की-गोले गाळणी यासाठी चालते; ती प्रत्येक बिंदू त्याच्या शेजारच्या बिंदूंच्या आधारे सरळ करते. एका वेळी किती शेजारी घ्यायचे ती तिची खिडकी. खिडकी फार रुंद ठेवली तर पालवीची खरी चढणही पुसली जाते.

५. तारखा काढा. समजा वर्षातला नीचांक ०.२ आणि उच्चांक ०.८ आहे. मधली पातळी ०.५. चढताना आलेख ती ओलांडतो तो हंगामाचा आरंभ, उतरताना ओलांडतो तो शेवट. ही पातळी आपण ठरवलेली असते, म्हणून वर्षांची तुलना करताना ती बदलू नका.

सदाहरित, घनदाट जंगलात आलेख वरच्या टोकाला सपाट होतो, कारण एनडीव्हीआय तिथे संपृक्त होतो, म्हणजे हिरवाई वाढली तरी आकडा फारसा वाढत नाही. अशा ठिकाणी निळा बँडही वापरणारा ईव्हीआय हा दुसरा निर्देशांक घ्या.