गेम आर्टच्या प्रवेशासाठी चित्रांचा पोर्टफोलिओ कसा तयार करावा

गेम आर्ट शिकवणाऱ्या संस्थेकडे अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याच्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर बहुधा एखादा योद्धा असतो: अंगावर चिलखत, हातात पेटलेली तलवार आणि चेहरा एखाद्या प्रसिद्ध गेममधून उचललेला. चित्र स्वच्छ असते, त्यावर मेहनतही झालेली असते. पण ते पाहून परीक्षकाला एवढेच कळते की मुलाला पडद्यावरचे चित्र कागदावर उतरवता येते. समोर ठेवलेली बादली त्याला काढता येईल का, तिच्या बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा अधिक उघडा दिसतो हे त्याच्या लक्षात येते का, हे त्यातून कळत नाही, आणि प्रवेश देताना नेमके हेच जाणून घ्यायचे असते. त्रिमितीय मॉडेल घडवणे, त्यावर पोत चढवणे, ते गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवणे हे सारे अभ्यासक्रमात पहिल्या पायरीपासून शिकवले जाते. वस्तूकडे पाहून तिची घडण समजून घेण्याची सवय मात्र विद्यार्थ्याने स्वतःबरोबर आणावी अशी अपेक्षा असते.

चित्रांना हात घालण्यापूर्वी अभ्यासक्रम नेमका कशाचा आहे हे तपासावे. गेम डिझाइनमध्ये खेळाचे नियम, टप्पे आणि खेळणाऱ्याचा अनुभव यांची आखणी येते. गेम आर्टमध्ये पात्रे, वस्तू आणि परिसर यांचे दृश्यरूप येते. माहितीपत्रकांत ही नावे इतकी मिसळलेली असतात की शीर्षकापेक्षा विषयांची यादी वाचलेली बरी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळूर केंद्रातला डिजिटल गेम डिझाइन हा अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे, म्हणजे बारावीनंतर लगेच तिथे जाता येत नाही. अमेरिकेत रेडमंड येथील डिजिपेन संस्थेत डिजिटल आर्ट आणि ॲनिमेशनची पदवी प्रोग्रामिंगच्या पदवीपेक्षा वेगळी आहे. चित्रांची संख्या, फाइलचा आकार आणि सक्तीचे विषय या बाबतीत चालू वर्षाच्या सूचनाच प्रमाण मानाव्यात, ओळखीच्या सीनियरने सांगितलेल्या नव्हेत. संख्या दिलेली नसेल तर १५ ते २० चित्रे पुरतात, आणि त्यांतली दोन कच्ची वाटत असतील तर १३ पाठवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

महाराष्ट्रातील ज्या विद्यार्थ्यांनी शाळेत असताना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आहेत, त्यांचा वस्तुचित्राचा आणि स्थिरचित्राचा सराव इथे थेट उपयोगी पडतो. स्मरणचित्राच्या सवयी मात्र जाणीवपूर्वक मोडाव्या लागतात. घागर घेतलेली पाठमोरी बाई, फेटेवाला माणूस, कोपऱ्यातले झाड ही क्लासमध्ये घोटून घेतलेली ठरीव चित्रे जाणत्या नजरेला लगेच ओळखू येतात. त्या परीक्षांची प्रमाणपत्रे पोर्टफोलिओत लावण्याचीही गरज नाही.

पोर्टफोलिओचा निम्मा भाग तरी प्रत्यक्ष पाहून काढलेल्या चित्रांचा असावा. वस्तू निवडताना शोभेपेक्षा पृष्ठभागांचा फरक पाहावा: स्टीलचा तांब्या, मळलेला कॅनव्हासचा बूट, चुरगळलेला पंचा, अर्धवट सोललेला लसणाचा गड्डा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकाच बाजूने टेबललॅम्पचा प्रकाश टाकावा, म्हणजे उजळ भाग, मधला टोन, वस्तूची स्वतःची छाया, परावर्तित प्रकाश आणि जमिनीवरची पडछाया हे स्वतंत्रपणे दिसू लागतात. परावर्तित प्रकाश बहुतेक जण हमखास जास्त उजळ करतात. तो छायेच्या पोटातला असल्यामुळे उजेडाकडच्या मधल्या टोनपेक्षा गडदच राहिला पाहिजे, नाहीतर तांब्या गोल न दिसता पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडल्यासारखा दिसतो. बोटाने चोळून शेडिंग गुळगुळीत करण्याचा मोहही टाळावा, कारण त्यात कडा जातात आणि वस्तूच्या वळणाची दिशा सांगणाऱ्या रेषाही जातात. साधा कार्ट्रिज कागद, २बी आणि ६बी पेन्सिली एवढे साहित्य पुरे आहे.

माणसांची चित्रे फोटोवरून काढू नयेत. कलामहाविद्यालयात मॉडेल बसवून सराव करण्याची सोय मिळाली तर उत्तमच, नाहीतर एस.टी. स्टँड, रेल्वेचा फलाट आणि भाजी मंडई या जागा आहेतच. तिथे लोक हलणार हे गृहीत धरून ३० सेकंदांत देहाचा झोक आणि वजन कोणत्या पायावर आहे एवढेच टिपावे, आणि बाकावर डुलकी काढणारा कोणी सापडला तर २० मिनिटांचे चित्र करावे. प्रौढ माणसाची उंची सुमारे साडेसात डोकी, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर, आणि पाऊल साधारण कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचे, एवढी मापे लक्षात ठेवली तरी मोठ्या चुका टळतात. परीक्षकाचे लक्ष हातापायांकडे आधी जाते, आणि ज्या पोर्टफोलिओतली सगळी पात्रे हात खिशात घालून गुडघाभर गवतात उभी असतात, त्याबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. स्वतःच्या डाव्या हाताची (डावखुऱ्याने उजव्या) काहीतरी पकडलेली, ओढणारी, पिळणारी चित्रे एका पानावर घ्यावीत.

परिसरासाठी हिमशिखरे आणि तरंगते किल्ले शोधत बसण्यापेक्षा घरचे स्वयंपाकघर घ्यावे. ते एकदा उभे राहून आणि एकदा पाटावर बसून काढावे. क्षितिजरेषा डोळ्यांच्या पातळीवर असते हे पुस्तकात वाचलेले वाक्य त्या दोन चित्रांत दिसते: उभे असताना ओट्याचा वरचा पृष्ठभाग दिसतो, बसल्यावर तो नाहीसा होऊन फळ्यांची खालची बाजू दिसू लागते. पट्टीने मारलेल्या बांधणीच्या रेषा खोडून टाकू नयेत; त्या दिसलेल्या चांगल्या.

आता गेमशी थेट संबंध असलेला भाग. इथे एक चकचकीत चित्र ठेवण्याऐवजी एका वस्तूचा विचार कसा पुढे गेला हे दाखवणारी तीन-चार पाने ठेवावीत. रसवंतीचा चरक हे त्यासाठी फार चांगले उदाहरण आहे. प्रथम रसवंतीत बसून तो आहे तसा काढावा: लोखंडी रूळ, दातेरी चाके, मोटरवरून येणारा पट्टा, चाकाला बांधलेले घुंगरू, रसाची पन्हळ, खालचे पातेले, दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारे चिपाड. मग तो चालतो कसा हे बाणांनी दाखवावे. ऊस आत ओढला जायचा तर समोरासमोरचे दोन रूळ उलट दिशांना फिरले पाहिजेत, आणि एकमेकांत अडकलेली दोन चाकेही उलटच फिरतात. दोन्ही बाण एकाच दिशेने काढले असतील तर विद्यार्थ्याने यंत्र पाहिले, पण ते त्याला समजले नाही, हे उघड होते. चक्राचे सगळे दाते मोजून काढण्यापेक्षा हे बाण अचूक असणे महत्त्वाचे आहे.

त्यानंतर कल्पनेला वाव द्यावा. विजेशिवायच्या वाळवंटी गावात हाच चरक कसा असेल, जहाजाच्या अरुंद डेकवर कसा असेल, दोन पुरुष उंचीच्या राक्षसाच्या दुकानात कसा असेल, याच्या बोटभर उंचीच्या वीस-पंचवीस काळ्या छायाकृती काढाव्यात. आतले तपशील नसतानाही ज्या छायाकृती ओळखू येतात आणि एकमेकींपासून वेगळ्या दिसतात, त्यांतल्या तीन निवडाव्यात आणि शेवटी एक पूर्ण करावी: समोरून, बाजूने आणि तिरकस कोनातून, शेजारी मापासाठी माणूस उभा करून. रस ओघळतो तिथले काळपट डाग, हात लागून झिजलेली आणि चकाकणारी मूठ, तारेने बांधून चालवलेला तुटका भाग अशा बारकाव्यांच्या छोट्या टिपा कडेला लिहाव्यात, कारण पुढे पोत तयार करणाऱ्या कलाकाराला हीच माहिती लागते. पात्र रचताना क्रम हाच ठेवावा. फक्त पूर्ण केलेल्या पात्राचे पाठमोरे दृश्यही द्यावे.

वगळायच्या गोष्टींबाबत फार चर्चेची गरज नाही. चौकोन आखून फोटोवरून उतरवलेली नट-नट्यांची चित्रे, नक्कल केलेली मांगा (जपानी चित्रकथा) पात्रे, लोगो आणि ट्रेसिंग काढून टाकावे. फॅन आर्ट, म्हणजे आवडत्या गेममधल्या किंवा चित्रपटातल्या पात्रांची चित्रे, मागितले नसेल तर देऊ नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली प्रतिमा स्वतःची म्हणून देणे ही फसवणूक आहे, आणि संस्थेने त्याबाबत घोषणापत्र मागितले असेल तर ते नीट वाचूनच सही करावी. डिजिटल चित्रे चालतात, परंतु कागदावरचे काम अजिबात नसेल तर शंका घेतली जाते.

क्रम लावताना सर्वांत भक्कम निरीक्षणचित्र पहिले आणि त्याच्या खालोखालचे शेवटी ठेवावे. रेखाटने स्कॅन करावीत; मोठा कागद स्कॅनरवर मावत नसेल तर ढगाळ दिवशी गॅलरीत भिंतीला सपाट टेकवून, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा कागदाला समांतर धरून फोटो काढावा. करडा पडलेला कागद उजळ करावा, पण पेन्सिलीचे फिके टोन उडून जातील इतका नव्हे. प्रत्येक चित्राखाली माध्यम, आकार, वर्ष आणि ते पाहून काढले की मनाने, एवढी एक ओळ पुरे.

या सगळ्याला अंतिम तारखेच्या आधी किमान सहा महिने हाताशी असावेत, आणि शेवटचा महिना नवी चित्रे काढण्यात न घालवता निवड, स्कॅनिंग आणि मजकूर यांसाठी राखून ठेवावा. निवड करताना कौतुक करणाऱ्या नातेवाइकांऐवजी चित्रकलेच्या शिक्षकांना किंवा त्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणाला तरी सगळी चित्रे दाखवून सर्वांत कच्ची तीन बाजूला काढायला सांगावे. मुलाखत असेल तर मूळ चित्रे आणि भरलेली स्केचबुके, फसलेल्या पानांसकट, बरोबर न्यावीत. परीक्षक अनेकदा मधलेच एखादे पान उघडून हा कोन असा का घेतला असे विचारतात, किंवा समोरची खुर्ची काढून दाखवायला सांगतात. तेव्हा पिशवीत टोक केलेली पेन्सिल आणि कोरे कागद असावेत.